मागे राहणाऱ्यांची सोय

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा अहवाल सचिवांनी आताच आपल्यापुढे ठेवला. निकाल, इमारत, क्रीडांगण, देणगीदार या सर्वांचा उल्लेख त्यात यथायोग्य झाला आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मला मिळालेल्या वेळात मी आपल्या एका माजी विद्यार्थिनीविषयी, तिच्या मोटरसायकलविषयी आणि पाच पिल्लांविषयी बोलणार आहे. विषय महोत्सवाला साजेसा नाही, असे कोणाला वाटेल. पण या शाळेत सत्तावीस वर्षे शिकवून मला जे उमगले नव्हते, ते गेल्या फाल्गुनात काशीत उमगले, म्हणून तो निवडला. तिची परवानगी मी घेतली आहे. नाव सांगू नये, एवढीच तिची अट आहे.

आपल्या फाटकासमोरून जाणाऱ्या महामार्गाला आज आपण चव्वेचाळीस नंबरचा म्हणतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र तो अजून ‘सात नंबर’च आहे. वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत २,३६९ किलोमीटर लांबीचा तो सात नंबर देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. भूगोलाच्या तासाला मी वर्गाच्या खिडकीतून हात दाखवून सांगत असे, “उजवीकडे गेलात तर कन्याकुमारी, डावीकडे गेलात तर काशी.” मुले हसत. आपल्या गावचे लोक डावीकडे नागपूरपर्यंत आणि उजवीकडे पांढरकवड्यापर्यंत जात, त्यापलीकडे कोण जातो?

ही मुलगी गेली. तिच्या वडिलांची १९८५ सालची येझदी होती. मैसूरच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी तुमच्यापैकी अनेकांनी चालवली असेल. दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मोजून घालायचे ऑइल आणि ज्या दांड्याने किक मारायची त्याच दांड्याने टाकायचे गिअर. वडील गॅरेजच्या पायरीवर बसून प्लग साफ करीत आणि ही शाळेच्या गणवेशात त्यांना पाने हातात देई. आठवीत तिच्या निबंधवहीवर काळ्या तेलाची बोटे उमटलेली असत आणि त्यावर मी लाल शाईने शेरा मारला होता, “नीटनेटकेपणा नाही.” पुढे ती यंत्र अभियांत्रिकी शिकली आणि बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरीला लागली. १९६१ साली स्थापन झालेल्या या कारखान्यातून १९६४ च्या जानेवारीत पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. आज तेथे विजेवर चालणारी इंजिने तयार होतात, नावही २०२० मध्ये बदलले, पण बनारसचे रिक्षावाले अजून ‘डीएलडब्ल्यू’च म्हणतात. रुजू होण्यासाठी ती रेल्वेने गेली. वर्षभराने सुट्टीत आली आणि वडिलांची येझदी घेऊन याच रस्त्याने परत गेली. नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर असे साडेसातशे किलोमीटरांहून अधिक अंतर तिने तीन दिवसांत कापले. आजूबाजूच्यांनी तिच्या वडिलांना बरेच सुनावले. त्यांच्यात मीही होते.

गेल्या फाल्गुनात माझ्या आईला घेऊन मी काशीला गेले. आईचे वय ऐंशी. जन्मभर ती “एकदा काशी घडू दे” म्हणत आली. आम्ही येणार असल्याचे या मुलीच्या वडिलांनी तिला कळवले होते. घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. तेथे माणसे, सांड आणि दुचाक्या एकमेकांना वाट देत चालतात. धर्मशाळेच्या दाराशी येझदीचा तो ओळखीचा, दाणेदार आवाज आला आणि मला क्षणभर आपल्या शाळेची सुटी झाल्यासारखे वाटले. हेल्मेट काढून तिने आईच्या पायांवर डोके ठेवले. आईने तिला निरखून विचारले, “पोरी, एवढ्या लांब एकटी राहतेस, तुला सोबत कोण?” ती म्हणाली, “आजी, तिघं आहेत. संध्याकाळी घरी चला, दाखवते.”

दिवसभरात आम्ही विश्वनाथाचे दर्शन घेतले. आज उभे असलेले ते मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी बांधले, हे आईला ठाऊक होते आणि त्याचा तिला कोण अभिमान! मग कालभैरवाला गेलो. काशीचा हा कोतवाल आणि कुत्रा त्याचे वाहन. देवळाच्या गल्लीत कुत्री निर्धास्तपणे पहुडलेली होती आणि भाविक त्यांना बिस्किटे, पुऱ्या घालीत होते. मी कौतुकाने काही बोलले, तेव्हा ती म्हणाली, “खरं आहे मॅडम. इथं कुत्र्याच्या तोंडात पुरी घालणारे पुष्कळ भेटतात. लस द्यायला धरून ठेवणारा शोधावा लागतो.” तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चाचणीतले निरीक्षण नोंदवावे तसे तिने ते सांगितले.

संध्याकाळी लंका भागातील तिच्या भाड्याच्या घरी गेलो. दार उघडताच तीन पिल्ले पायांशी आली. दोन तांबूस, एक काळे. आईने आधी पदर सावरला आणि थोड्या वेळाने काळे पिल्लू तिच्या पदरावरच झोपले. भिंतीवर एक वही दोरीने टांगलेली होती. ती हातात घेतली आणि मी थबकले. डाव्या बाजूला आखलेला समास, वर तारीख, खाली तीन रकाने. पहिल्यात कारखान्यातील पाळी. दुसऱ्यात गाडी, म्हणजे किती किलोमीटर झाले, साखळीला तेल कधी दिले, प्लग कधी बदलला. तिसऱ्यात पिल्ले, म्हणजे प्रत्येकाचे वजन, जंताच्या औषधाची तारीख, लशीची तारीख. प्रयोगवही अशी आखायला आपण या शाळेत शिकवतो. “नीटनेटकेपणा नाही” हा माझा शेरा मला तेथे आठवला.

चहा घेताना तिने हकिकत सांगितली. थंडीच्या दिवसांत रस्त्यावरच्या एका कुत्रीने तिच्या जिन्याखाली पाच पिल्लांना जन्म दिला. तिने पोते अंथरले, आईला भात-अंडे घातले आणि पुढचे आई पाहील असे समजून ती कामाला जात राहिली. पिल्ले तीन आठवड्यांची झाली, डोळे उघडून नुकती कोठे धडपडत चालू लागली आणि एका रात्री त्यांची आई रस्त्यावर वाहनाखाली सापडली. त्या दिवसापासून तिचे घड्याळ बदलले. गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते, हे तिला जनावरांच्या डॉक्टरांकडून कळले. दर तीन-चार तासांनी त्यांना भरवावे लागे, थंडीत ऊब द्यावी लागे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती येझदीवरून घरी येई, भरवी आणि भोंग्याआधी परत जाई. “मॅडम, तेव्हा कळलं की मोटरसायकल कशासाठी घेतली होती,” असे म्हणून ती हसली. मग तिचे हसू मावळले.

पिल्ले सात आठवड्यांची झाली तेव्हा पहिल्या लशीची तारीख एका शनिवारी ठरली होती. पिल्लांना पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात, मग साधारण चार महिन्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. हे सर्व वहीत लिहिलेले होते. पण त्याच शनिवारी तिच्या मोटरसायकलवाल्या मित्रमैत्रिणींनी चंदौलीच्या बाजूचे धबधबे पाहायला दोन दिवस जायचे ठरवले. दोन महिने ती कोठेच गेली नव्हती. तिने लस सोमवारवर ढकलली, खालच्या मजल्यावरच्या एका शाळकरी मुलाला “जरा लक्ष ठेव रे” म्हटले, भांड्यात खाणे ठेवले आणि निघाली.

रविवारी रात्री परतली तेव्हा एक पिल्लू कोपऱ्यात पडून होते. उलट्या आणि रक्ताची हगवण. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि लहान पिल्लांचा घास घेतो. तिने रजा टाकली, सलाइनची बाटली हातात धरून दोन रात्री बसली. तिसऱ्या दिवशी ते गेले आणि चौथ्या दिवशी दुसरेही गेले. डॉक्टर तिला म्हणाले होते, “शनिवारी लस दिली असती तरी ही वाचली असती असे सांगता येणार नाही. एका लशीने दोन दिवसांत संरक्षण मिळत नाही.” हे मला सांगून ती म्हणाली, “ते बरोबर आहे मॅडम. पण तारीख मी ढकलली होती. आणि ज्याच्यावर सोपवलं त्याला काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. दहा वर्षांचा मुलगा तो. अजून मला विचारतो, ताई, माझं चुकलं का?”

काही वेळ कोणीच बोलले नाही. मग तिने सहज विचारले, “मॅडम, पाण्याच्या टाकीखालची काळी आठवते तुम्हाला?”

मला आठवत होती. आज या व्यासपीठावरून मी ते सांगणार आहे, कारण या सभागृहात त्या वेळचे अनेक विद्यार्थी बसलेले आहेत आणि त्यांना हे सांगणे मी फार लांबवले आहे. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते. आपल्या टाकीखाली एका काळ्या कुत्रीला पिल्ले झाली होती. आठवीची मुले मधल्या सुट्टीत आपल्या ताटातली खिचडी त्यांना नेऊन घालीत. दुसऱ्या दिवशी शाळेची वार्षिक तपासणी होती. अंगण स्वच्छ दिसले पाहिजे, म्हणून शाळा सुटल्यावर मी ती पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या पलीकडे सोडून यायला सांगितले. सांगणारी मी होते, नेणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. सकाळी मुलांनी विचारले, तेव्हा “त्यांना चांगल्या ठिकाणी पाठवले” असे मी उत्तर दिले. ती पिल्ले अजून आईचे दूध पीत होती. त्यांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. काळी मात्र आठवडाभर टाकीखाली हुंगत फिरत होती. तपासणीचा शेरा उत्तम आला. तो या वर्षीच्या स्मरणिकेतही छापला आहे.

मुलीने मला दोष दिला नाही. ती म्हणाली, “तेव्हा मला तुमचा खूप राग आला होता. ही दोन गेली त्या रात्री तो गेला. तुम्हालाही दुसऱ्या दिवशी कुठंतरी पोचायचं होतं, मलाही.” यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. आईच तेवढी बोलली. “अगं, पूर्वी काशीला निघायचं म्हणजे आधी मागच्यांची सोय लावावी लागे,” ती म्हणाली.

आईच्या या एका वाक्यात माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे. वाहनांपूर्वीच्या काळी काशीयात्रेला निघणारा माणूस परत येईलच याची खात्री नसे. म्हणून देणी फेडायची, शेत-घर कोणाच्या तरी हाती सोपवायचे, गुरे कोणाकडे राहतील ते ठरवायचे आणि मगच निघायचे, अशी रीत होती. परतल्यावर मावंदे घालायचे, ते मागे राहून ज्यांनी घर सांभाळले त्यांच्यासह. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे म्हणून. सत्तावनच्या वणव्यातून जीव वाचवून ते परतले, तेव्हा मागे राहिलेल्या वृद्ध मातापित्यांच्या स्नानासाठी गंगेची कावड त्यांच्या खांद्यावर होती. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथात झाशीचा वेढा आपण वाचतो, पण मला आता ती कावड अधिक आठवते.

आणि दुसरी कावड तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. ज्या काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, नाथमहाराजांनी आपले भागवत पूर्ण केले, त्या काशीची गंगा रामेश्वराला घालण्यासाठी ते निघाले आणि वाटेत तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी त्यांनी ती घातली, ही कथा आपण दुसरी-तिसरीतच सांगतो. दयेची गोष्ट म्हणून मीही ती कितीतरी वर्षे सांगितली. काशीहून परतताना मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला कोठेतरी पोचायचे आहे, त्याच्याच वाटेत हा तहानलेला जीव येतो. घरी बसून असणाऱ्याची परीक्षा होत नाही. परीक्षा निघालेल्याची होते.

पालकहो, आता आपल्याशी दोन शब्द. दर वर्षी आपण माझ्याकडे येता आणि म्हणता, “मॅडम, याला समजवा. सदानकदा गाडी, गाडी. नाहीतर ते कुत्रं. अभ्यासाकडे लक्ष नाही.” आजवर मी आपल्या बाजूने मुलांना समजावत आले. यापुढे मी आपल्यालाही काही विचारणार आहे. छंद काढून घेतल्याने मूल अभ्यासाला बसते, असे मला सत्तावीस वर्षांत फारसे दिसलेले नाही. छंदाबरोबर येणारी जबाबदारी त्याच्याकडून मागून पाहा. गाडीचे वेड आहे ना, मग साखळीला तेल कोण देणार? पिल्लू हवे ना, मग लशीची तारीख कोण लिहिणार, आणि सहलीला गेलास तर त्याला कोण भरवणार? उत्तर वहीत लिहून मागा.

मात्र जबाबदारी मागायची म्हणजे वयाआधी किल्ली हातात द्यायची, असे नव्हे. गिअरच्या गाडीच्या परवान्याचे वय अठरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्या फाटकासमोर चौदा-पंधरा वर्षांची मुले दुचाकीवर, तीही हेल्मेटशिवाय, मी रोज पाहते. येझदीवाल्या या मुलीनेही अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त पाने हातात दिली होती, हे लक्षात असू द्या. तसेच मुलाला कुत्रे चावले तर जखमेवर हळद-चुना न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीचे सर्व डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण डावीकडे किंवा उजवीकडे निघून गेलात. पुणे, हैदराबाद, बंगळूर आणि त्याहून दूर. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. २०१९ साली सुरतच्या तीन महिला मोटरसायकलींवरून वाराणसीहून लंडनला निघाल्या, हे आपल्या विद्यार्थिनीने मला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिलाही एक दिवस काशी ते कन्याकुमारी हा जुना सात नंबर संपूर्ण करायचा आहे, वाटेत शाळेला भेट देऊन. जरूर जावे. रस्तासुद्धा आता मागच्यांची सोय पाहायला शिकला आहे. नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलात हाच महामार्ग पुलांवरून नेला आहे आणि त्याखालून वाघ, हरणे, रानकुत्री आपापल्या वाटेने जातात. पूल बांधायला खर्च आला, वेळ गेला, वादही झाले. पण वाहनेही चालतात आणि वाघही. तुम्ही निघालात तेव्हा मागे आई-वडील राहिले, हे गाव राहिले, ही शाळा राहिली. परत या, असे मी म्हणत नाही. सोय काय लावली आहे, एवढे स्वतःला विचारा. फोन कोण करतो, औषधाची तारीख कोणाच्या वहीत आहे, आणि ज्याच्यावर सोपवले त्याला काय करायचे ते सांगितले आहे का?

शाळेच्या बाजूने एक गोष्ट जाहीर करते. टाकीशेजारची मोकळी जागा या वर्षीपासून मुलांच्या देखरेखीखाली राहील. परिसरातील कुत्र्यांच्या लसीकरणाची आणि नसबंदीची नोंदवही नववीचा वर्ग ठेवील, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी आमचे बोलणे झाले आहे. तपासणीच्या दिवशी ती नोंदवही अधिकाऱ्यांपुढे ठेवली जाईल. काळीसाठी आता काही करता येत नाही, तिच्या नावाने एवढे करता येते.

आज ती मुलगी येथे नाही. तिचे वडील समोर बसले आहेत, त्यांची मी जाहीर क्षमा मागते. तांबूस पिल्लांपैकी दोन्ही चांगल्या घरी गेली, काळे तिच्याकडे राहिले आहे. मेळाव्याचे आमंत्रण पाठवले तेव्हा तिने लगेच होकार दिला नाही. तिने लिहिले, “मॅडम, काळूला चार दिवस कोणाकडे ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. खालचा मुलगा तयार आहे, पण त्याची परीक्षा आहे. दिवाळीत नक्की येते.” इतकी वर्षे गैरहजेरीचे अर्ज वाचले, त्यांत इतके समाधान देणारा दुसरा अर्ज मला आठवत नाही.